उपयोग संपला, अडचण उरली

दुसऱ्या महायुद्धानंतर पळालेल्या नाझी गुन्हेगारांचा विषय निघाला की हमखास आठवते ते ज्यूंच्या हत्याकांडाची व्यवस्था लावणाऱ्या आइखमनचे अपहरण. मे १९६० मध्ये इस्रायलच्या मोसाद या हेरखात्याच्या माणसांनी त्याला ब्युनोस आयर्समध्ये घराजवळच उचलले, जेरुसलेमला नेले आणि खटला चालून १९६२ मध्ये तो फासावर गेला. हेरांनी गुन्हेगाराला शोधून न्यायासमोर उभे केल्याची ही कथा चित्रपटांनी आणि पुस्तकांनी घरोघरी पोचवली. पाश्चात्त्य हेरखात्यांनी अशाच काही गुन्हेगारांना पगार दिला, लपवले आणि वेळ येताच जहाजात बसवून दिले, ही कथा मात्र तुकड्यातुकड्याने आणि फार उशिरा बाहेर आली. तिचा सर्वांत पूर्ण पुरावा क्लाउस बार्बी या एका माणसाच्या फाइलीत आहे.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये शिरल्या आणि बार्बी लिऑनच्या गेस्टापोत, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांत, प्रमुख म्हणून आला. वय अवघे एकोणतीस. जून १९४३ मध्ये फ्रेंच प्रतिकार चळवळीचा नेता जाँ मुलां त्याच्या हाती लागला आणि छळानंतर मरण पावला. ६ एप्रिल १९४४ रोजी बार्बीच्या हुकमाने इझियू या डोंगराळ गावातल्या ज्यू मुलांच्या आश्रमावर धाड पडली. त्या संध्याकाळी त्याने पॅरिसला तार केली. आश्रम मोकळा केला, तीन ते तेरा वयाची मुले ताब्यात घेतली, रोकड किंवा मौल्यवान वस्तू सापडल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सर्वांची द्रांसीच्या छावणीत रवानगी होईल. गोदामातल्या मालाची नोंद करावी तशी ही तार आहे. त्या दिवशी ४४ मुले आणि ७ मोठी माणसे पकडली गेली. त्यातली एकच शिक्षिका वाचली.

ही तार जर्मन दप्तरात मिळाली आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुराव्यादाखल सादरही झाली. म्हणजे बार्बी कोण आहे हे कागदोपत्री १९४६ पासून उघड होते.

तरीही एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या काउंटर इंटेलिजन्स कोअरने, म्हणजे सीआयसीने, त्याला खबऱ्या म्हणून नेमले. जर्मनीत तेव्हा वारे फिरले होते. हिटलर संपला होता आणि अमेरिकेला आता रशियाची धास्ती होती. कम्युनिस्टांची माहिती कोणाकडे? तर त्यांच्यामागे वर्षानुवर्षे लागलेल्या गेस्टापोकडे. नाझी लष्कराच्या पूर्व आघाडीवरील हेरखात्याचा प्रमुख राइनहार्ड गेहलेन आपले दप्तर घेऊन अमेरिकनांना शरण आला, त्याला अख्खी संघटना उभारून दिली गेली आणि १९५६ मध्ये तीच पश्चिम जर्मनीचे अधिकृत हेरखाते, बीएनडी, झाली. त्या मानाने बार्बी किरकोळ मासा होता. बव्हेरियातल्या एका गावी बसून तो खबऱ्यांचे जाळे चालवत होता.

अमेरिकनांचे इथवरचे वागणे निर्ढावलेले म्हणता येईल. त्याला निदान काही हिशेब तरी होता. खरे नासले ते त्यानंतर. १९४९ पासून फ्रान्समध्ये बार्बीच्या नावाने बोभाटा सुरू झाला. १९५० मध्ये जाँ मुलां याच्या अटकेशी निगडित एका खटल्यात बार्बीचा जबाब वाचला गेला आणि तो अमेरिकनांच्या आश्रयाला असल्याचे साऱ्या फ्रान्सला कळले. फ्रेंच सरकारने रीतसर मागणी केली. जर्मनीतल्या अमेरिकी उच्चायुक्तांच्या कार्यालयाने सीआयसीला विचारले, तर उत्तर आले की आमचा त्याच्याशी आता संबंध नाही. बार्बी त्या वेळी त्यांच्याच खर्चाने आउग्सबुर्गमध्ये राहत होता.

त्याला फ्रान्सच्या हवाली का केले नाही? खबऱ्या म्हणून त्याची किंमत तोवर उतरली होती. पण तीन वर्षांत त्याला सीआयसीची माणसे, पद्धती, खबरे सगळे ठाऊक झाले होते. शिवाय फ्रेंच न्यायालयात तो तोंड उघडणार आणि अमेरिकेने कोणाला पोसले हे जगजाहीर होणार. उपयोग संपला होता, अडचण उरली होती. उच्चायुक्तांच्या कार्यालयाला दिलेले उत्तर निभावायचे तर माणूसच दिसेनासा करणे भाग होते.

त्यासाठीची वाट ऑस्ट्रियातल्या सीआयसीने आधीच बांधून ठेवली होती. तिला ते आपसात ‘रॅट लाइन’, उंदरांची वाट, म्हणत. सोव्हिएत हद्दीतून आलेल्या खबऱ्यांना इटलीमार्गे दक्षिण अमेरिकेत पोचवण्यासाठी ती वापरात होती. इटलीतली बाजू क्रुनोस्लाव्ह ड्रागानोविच हा क्रोएशियन पाद्री सांभाळत असे. रोममध्ये बसून तो स्वतःच्या देशातल्या फरारी उस्ताशा फॅसिस्टांना बाहेर काढत होताच. अमेरिकनांचे काम त्याने माणशी दर ठरवून घेतले. व्हिसा आणि रेडक्रॉसचा प्रवासी दाखला तो मिळवून देई. युद्धानंतर लाखो निर्वासितांच्या हाती कसलेच कागद नव्हते, त्यांच्यासाठी हे दाखले होते आणि नावाची पडताळणी जेमतेम होई. बार्बीला ‘क्लाउस आल्टमन’ हे नवे नाव मिळाले. मार्च १९५१ मध्ये बायको आणि दोन मुलांसह तो जिनोआच्या बंदरातून निघाला आणि अर्जेंटिनामार्गे बोलिव्हियात पोचला.

पुढची तीस वर्षे आल्टमनसाहेब बोलिव्हियात मजेत होते. १९५७ मध्ये नागरिकत्व मिळाले, लाकडाचा धंदा झाला, जहाज कंपनी झाली आणि लष्करशहांशी घरोबा जमला. १९६६ मध्ये बीएनडीनेही त्याला काही महिने ‘आडलर’, म्हणजे गरुड, या नावाने खबऱ्या म्हणून ठेवले. फ्रान्समध्ये तो गैरहजेरीत दोनदा फाशीची शिक्षा झालेला गुन्हेगार होता.

त्याला शोधले ते कोणत्याही हेरखात्याने नव्हे. बेआट आणि सेर्ज क्लार्सफेल्ड या नवरा-बायकोने जुनी छायाचित्रे, कागद आणि साक्षी जुळवून आल्टमन म्हणजेच बार्बी हे १९७२ च्या सुमारास सिद्ध केले. बेआट बोलिव्हियात ला पाझला गेली. बरोबर होती इझियूच्या धाडीत दोन मुली गमावलेली एक वयस्क आई. बार्बीच्या जहाज कंपनीच्या कचेरीसमोर एका बाकाला दोघींनी स्वतःला साखळीने जखडून घेतले आणि फलक धरून बसून राहिल्या. बोलिव्हियाचे सरकार ढिम्म हलले नाही. लोकनियुक्त सरकार आल्यावर, फेब्रुवारी १९८३ मध्ये, बार्बीला फ्रान्सच्या ताब्यात देण्यात आले.

अमेरिकेच्या न्याय खात्याला आता गप्प बसता येईना. ॲलन रायन या वकिलाने लष्कराचे जुने दप्तर उपसून ऑगस्ट १९८३ मध्ये अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष तोलून मापून होता. १९४७ मध्ये बार्बीला कामावर घेणाऱ्यांना त्याने फारसा दोष दिला नाही. बार्बीला दडवून आपल्याच सरकारशी खोटे बोलणाऱ्यांनी न्यायात अडथळा आणला, असे मात्र स्पष्ट लिहिले. अमेरिकेने फ्रान्सची जाहीर क्षमा मागितली. १९८७ मध्ये लिऑनच्या न्यायालयाने बार्बीला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. १९९१ मध्ये तो तुरुंगात मेला.

बार्बी हा अपवाद होता, असे तेव्हा समजले गेले. पुढच्या कागदांनी ते खोटे ठरवले. आइखमनच्या ज्यूविषयक विभागात काम केलेला ओटो फॉन बोल्शविंग सीआयएच्या मदतीने १९५४ मध्ये अमेरिकेत पोचला, नागरिक झाला, आणि १९८१ मध्ये त्याला ते नागरिकत्व सोडावे लागले. विषारी वायूच्या गाड्यांची व्यवस्था लावणारा वाल्टर राउफ चिलीत असताना बीएनडीच्या पगारावर होता. तो १९८४ मध्ये खटल्याविना मेला. खुद्द आइखमनची कथाही बदलली. तो अर्जेंटिनात ‘क्लेमेन्स’ नावाने राहतो, ही खबर बीएनडीने मार्च १९५८ मध्ये सीआयएला दिली होती. नाव थोडे चुकले होते, खरे टोपणनाव ‘क्लेमेंट’. पण ते दुरुस्त करण्याची कोणालाच निकड वाटली नाही. तो पकडला गेला तर चान्सलर आडेनाउअर यांचे विश्वासू अधिकारी हान्स ग्लोबके यांचा नाझी भूतकाळ उकरला जाईल, ही बॉनमधल्या पश्चिम जर्मन सरकारची धास्ती. हेस्सेचे सरकारी वकील फ्रित्स बावर यांनी आइखमनचा सुगावा आपल्या यंत्रणेला न देता गुपचूप इस्रायलला दिला, तो या यंत्रणेवरच्या अविश्वासामुळेच.

सीआयएच्या दप्तरातली ही १९५८ ची नोंद लोकांसमोर आली २००६ मध्ये, तीही अमेरिकी काँग्रेसने १९९८ साली नाझी गुन्ह्यांचे कागद खुले करण्याचा कायदा केला म्हणून. जर्मनीत उलट घडले. नाझी भूतकाळ असलेल्या सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या फाइली बीएनडीने २००७ च्या सुमारास नष्ट केल्याचे २०११ मध्ये उघड झाले.

फरारी नाझींभोवती ‘ओडेसा’ नावाच्या सर्वशक्तिमान गुप्त संघटनेची दंतकथा रचली गेली. बार्बीला पळवायला तशी कोणतीही संघटना लागली नाही. एक खोटे उत्तर, एक बनावट नाव आणि ते निभावून नेणारे पगारी अधिकारी पुरले. तेव्हा ‘राष्ट्रहितासाठी गुप्त’ असा शिक्का कुठल्याही फाइलीवर दिसला, की आत राष्ट्राचे हित आहे की खात्याची अब्रू, हे ठरवण्याचा अधिकार त्या खात्याकडे असता कामा नये. तो कायद्याने संसदेकडे आणि न्यायालयाकडेच असायला हवा.