गिटारचा डबा बदलण्याआधी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा वर्षभरापासून इलेक्ट्रिक गिटार शिकतोय. गिटारसोबत घेतलेला दहा वॅटचा छोटा ॲम्प्लिफायरही त्यांनी आणला होता. मुलाची तक्रार होती की यातून आवाज चिरका येतो, मोठा ॲम्प हवा. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हा डबा बदलाच लागते काय?" सोयाबीन नुकतंच विकलं होतं आणि त्या पैशांना घरात चार वाटा होत्या. नाही म्हणावं तर पोरगं गिटार खुंटीला टांगेल, ही धास्तीही होतीच.

मंडळी, आधी हा डबा करतो काय, ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की गुंडाळीत क्षीण वीज निर्माण होते. ॲम्प ती वाढवतो आणि आवाजाला रंगही देतो. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचा आवाज दाबतो, म्हणून कर्कशपणा कमी होतो. तंबोऱ्याला भोपळा, तसा इलेक्ट्रिक गिटारला हा डबा. तेव्हा मुलाची तक्रार अगदीच पोरकट नव्हती. पण दोष डब्याचाच आहे, हे आधी ठरवायला हवं.

आम्ही क्रमाने तपासलं. तारा वर्षभराच्या, एक पावसाळा खाल्लेल्या, काळपट झालेल्या. त्या बदलल्या. ॲम्पवरची 'गेन' आणि 'ट्रेबल' ही बटणं शेवटच्या टोकाला होती. सगळी मध्यावर आणली, गेन कमी करून व्हॉल्यूम वाढवला. डबा जमिनीवर होता. छोट्या स्पीकरचा आवाज सरळ पुढे जातो, म्हणजे तो पोटऱ्यांना ऐकू जातो, कानांना नाही! तो स्टुलावर ठेवला. मग त्याच गिटारवर, त्याच डब्यातून आधी मी वाजवलं, मग त्याने. दोन्ही मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. चिरकेपणा बराचसा गेला होता. उरलेला फरक बोटांचा होता. तार पट्टीच्या जवळ दाबायची, तो लांब दाबत होता. मोठा ॲम्प घेतला असता, तर ही चूक मोठ्याने ऐकू आली असती, एवढंच.

आता वॅटचा हिशेब. दहाऐवजी वीस वॅट म्हणजे दुप्पट आवाज, असं नव्हे. वाढ फक्त तीन डेसिबलची होते, ती कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरातल्या सरावाला दहा वॅट पुरून उरतात. एरिक क्लॅप्टनने 1970 सालच्या 'लैला'च्या ध्वनिमुद्रणात फेंडर चॅम्प नावाचा पाच-सहा वॅटचा छोटा ॲम्प वापरला होता. गॅदरिंगला किंवा गणपतीत वाजवायचं असेल, तर डब्यासमोर माईक लावावा. पुढचं काम मंडपातला साऊंडवाला करतो. रात्री दहानंतर सराव करायचा असेल, तर बहुतेक छोट्या ॲम्पला हेडफोनची जागा असते.

मग दुसरा ॲम्प कधी घ्यावा? गिटार भजनी मंडळाच्या मशीनला माईकच्या जागी जोडत असाल, तर जरूर घ्या. गिटारला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा रोध लागतो, माईकच्या जोडणीत तो अनेकदा काही हजारांचाच असतो. त्यामुळे आवाज दबतो. ढोलकी किंवा ड्रमसोबत नियमित वाजवायचं आहे आणि बटण पुरतं फिरवूनही स्वतःचंच ऐकू येत नाही, तरीही घ्या. आवाज फाटत असेल, तर आधी वायर बदलून पाहा, मग स्पीकर दुरुस्त होतो का ते विचारा. साध्या लाकडी गिटारला घरी ॲम्प लागतच नाही. वायर लावायची सोय असलेल्या लाकडी गिटारमध्ये बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की आवाज फाटतो आणि बदनाम होतो ॲम्प.

एका बाबतीत मात्र थांबू नका. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच बंद करा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा वायरीतून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड असेल, तर जीव जाऊ शकतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा खर्च नव्या ॲम्पच्या आधीचा.

बापलेक निघाले तेव्हा खर्च तारांच्या एका संचाचा झाला होता. आमचं ठरलं ते असं: सहा महिने रोज अर्धा तास सराव, दर महिन्याला एक रेकॉर्डिंग. सहाव्या महिन्यात हात सुधारला आणि डबा अपुरा पडला, तर वडील स्वतः नवा घेऊन देतील. मुलाने मान डोलावली. जाताना डबा त्यानेच उचलला, येताना तो वडिलांच्या हातात होता.