तळणीची दीड इंची काच

आकाशाचे फोटो काढायची इच्छा घेऊन कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी तळणीचं नाव घेतो. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं हे लहानसं स्टेशन, आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली वऱ्हाडावरून गेली, तेव्हा ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी इथे तळ ठोकून होती. त्यांत खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर होत्या. त्यांच्या कॅमेऱ्याची काच अवघी दीड इंचाची. पण सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा इतका लांब झोत तोवर कुणाच्याच प्लेटवर उमटला नव्हता.

त्याच तळावरचे जॉन एव्हरशेड पुढे कोडाइकनाल वेधशाळेचे संचालक झाले. पुण्याची कावसजी नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाइकनालला गेली. वापरलेलीच! तेव्हा जुनं सामान घ्यायला संकोच नको.

मात्र दुर्बीण घेताना लोक आरसा किती इंची एवढंच विचारतात. मी आधी माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा, तपासतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. हजार मिलिमीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीतून अर्ध्या सेकंदातच तारे लांबट दिसू लागतात. म्हणून माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि मोटरने तो पृथ्वीच्या उलट फिरवायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर. काही माउंट तेवढे झुकतच नाहीत, किंवा वजनाची दांडी स्टँडच्या पायाला अडते. पैसे देण्याआधी हे समोर करून बघा. कॅमेरा लावून दूरच्या टॉवरवर फोकस होतो का, तेही बघा. बऱ्याच आरशाच्या दुर्बिणींत फोकसर तेवढा आत जातच नाही.

लेन्स घ्यायची असेल तर अकोल्याच्या माझ्या स्टुडिओवाल्या मित्राचा सल्ला ऐका : “आधी टॉर्च मारून काच पाय भाऊ.” पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या काचेवर बुरशीचं जाळं त्या उजेडात लगेच दिसतं.

मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊच नका. १३५ मिलिमीटरची जुनी लेन्स, जुना डीएसएलआर आणि न हलणारा स्टँड पुरे. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला चिखलदऱ्याहून थेट दक्षिणेकडे, ध्रुवाइतक्याच उंचीवर, ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ येतो. लंडनहून तो कधीच दिसत नाही! तीन-तीन सेकंदांच्या शंभरेक फ्रेम घ्या. आपल्या उन्हाळ्यात सेन्सर तापतो आणि फोटोत रंगीत ठिपके येतात. म्हणून लगेच, तिथेच, लेन्सला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांच्या वीस फ्रेम आणखी घ्या. डीपस्कायस्टॅकर हे फुकट सॉफ्टवेअर त्या ठिपक्यांची वजाबाकी करतं आणि उरलेल्या फ्रेम एकावर एक रचतं.