वलगण आणि हेरिंग : उथळ पाण्याचे ऋण

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला, की आमच्या पळसदरीच्या शिवारात रात्री कंदील आणि बॅटऱ्या हिंडू लागतात. ओहोळ दुथडी वाहतो, भाताची खाचरे तुडुंब भरतात आणि त्या लाल गढूळ पाण्यातून मासे प्रवाहाच्या उलट शेतात चढतात. हीच आमची वलगण. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी वलगणीला जात असे. मळे, शिंगटी, वाम यांनी टोपली भरली, की घरात आनंदीआनंद! मासे साफ करता करता आजी म्हणायची, "पोटात नुसती गाभोळीच हाय रं बाबा!" त्या गाभोळीचा अर्थ मला फार उशिरा कळला.

भूगोलाच्या तासाला जगातील मत्स्यक्षेत्रे शिकताना हेरिंग या माशाचे नाव आले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक हे त्याचे माहेर. परीक्षेपुरते पाठ करून मी ते विसरलोही असतो. पण कुतूहलाने थोडे वाचले, आणि काय आश्चर्य! सातासमुद्रापलीकडच्या या माशाची कथा आमच्या वलगणीचीच निघाली.

हेरिंग एरवी मोठमोठ्या थव्यांनी खोल समुद्रात फिरतो. मात्र वीण घालायची वेळ आली, की त्याच्या अनेक जाती-उपजाती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात. तेथे मादी हजारो चिकट अंडी सागरी गवतावर, शेवाळावर किंवा खडीवर चिकटवते. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तर त्या दिवसांत नरांच्या रेतामुळे मैलोगणती पाणी दुधासारखे पांढरे होते. अंडी घालून झाली, की आईबाप निघून जातात. मागे राखणदार कोण? ते उथळ पाणीच!

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, म्हणून तेथे गवत वाढते. गवताच्या पात्यांवर चिकटलेली अंडी चिखलात गाडली जात नाहीत. भोवतीच्या खेळत्या पाण्यातून त्यांना प्राणवायू मिळतो. उन्हाने हे पाणी लवकर कोमट होते, त्यामुळे अंडी लवकर उबतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे असते. पोटाला बांधलेली बलकाची शिदोरी त्याला काही दिवसच पुरते. ती संपायच्या आत तोंडाशी सूक्ष्म जीव हवेत. कोमट, उजेडाच्या पाण्यात ते मुबलक असतात. पुढे पिल्लू थोडे मोठे झाले, की हेच गवत त्याला लपायला जागा देते. थोडक्यात, बाळंतघर, पाळणा आणि अंगणवाडी असे तिन्ही एकाच जागी!

आता हे घरच बंद केले तर? हॉलंडमध्ये झायडर झी नावाचे उथळ आखात होते. तेथे दरवर्षी हेरिंग विणीला येत. पुरापासून बचाव आणि शेतजमीन यांसाठी १९३२ साली आखाताच्या तोंडाशी सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. आतले पाणी गोडे झाले, आणि काही वर्षांतच तेथे विणीला येणारा हेरिंगचा तो वंश नाहीसा झाला. आपल्याकडेही हेरिंगच्या कुळातले मासे आहेत. तारली, भिंग, पाला हे सारे त्याचेच भाऊबंद. तारली पाण्यात तरंगणारी अंडी घालते, पण तिची पिल्ले वाढतात ती किनाऱ्यालगतच. पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, समुद्रातून नदीत चढतो. पूर्वी तो गंगेतून प्रयागच्याही पुढे जाई. १९७५ साली फराक्क्याचा बांध सुरू झाला आणि त्याची वाट खुंटली.

कर्जतची उल्हास वसईच्या खाडीला मिळते, खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला. त्या खाड्यांतील तिवरांच्या मुळांशी कोळंबी आणि कितीतरी मासे लहानाचे मोठे होतात. खाडीला जे तिवरांचे बन, तेच आम्हा डोंगरपायथ्याच्या लोकांना भाताचे खाचर. नदीच्या लोंढ्यात अंडी वाहून जातील, मोठे मासे पिल्ले गिळतील. खाचरात पाणी संथ, कोमट, शेणामातीने सकस आणि गवताचा आडोसा. म्हणूनच पहिल्या पावसाचे गार, गढूळ पाणी येताच मासे जिवावर उदार होऊन वर धावतात. पुढे पाणी ओसरू लागले, की पिल्ले बांधाच्या मोरीतून ओहोळात आणि ओहोळातून नदीत उतरतात.

आमच्या शेताखालची दोन खाचरे चार वर्षांपूर्वी विकली गेली. तेथे मातीचा भराव पडला, कुंपणाची भिंत उठली आणि ओहोळ एका अरुंद नळात कोंबला गेला. पुढच्या मृगात मी आणि आजोबा नेहमीप्रमाणे बांधावर जाऊन बसलो. पाऊस भरपूर होता, पाणीही होते. पण नळाच्या तोंडाशी आपटून मासे मागे फिरत होते. आजोबा बराच वेळ बॅटरी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चल बाबू, वाट मोडली." रिकामी टोपली घेऊन आम्ही घरी आलो.

परंतु दोष केवळ भरावाचाच, असे म्हणून मला सुटता येत नाही. गाभोळीने भरलेली मादी अंडी घालण्यापूर्वीच टोपलीत टाकताना आम्ही तरी कोठे विचार केला? समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत तर त्याहून जुनी. मग वलगणीचे पहिले दोन-तीन दिवस आपणही मासे वर जाऊ दिले तर? ओहोळावर नळ घालताना तो रुंद आणि तळाशी टेकलेला ठेवला तर? वलगण बंद करा, असे मी म्हणत नाही. ती टिकावी, एवढ्यासाठीच हे लिहिले.

घोटाभर पाण्याला आपण पाणी म्हणत नाही. ते बुजवायला कोणालाच संकोच वाटत नाही. पण नदीतला आणि समुद्रातला कितीतरी संसार त्या घोटाभर पाण्यातच सुरू होतो. येत्या मृगात आजोबांना घेऊन मी पुन्हा बांधावर जाणार आहे. या वेळी टोपली मात्र घरीच ठेवणार आहे.