१० किलोचा ससा आणि ब्रोशरमधला कोरा रकाना



दोन वर्षांपूर्वी जळगावच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत एक जण माझ्याकडे आला. चाळिशीच्या आतला, एका जिनिंग मिलमध्ये हिशेब बघणारा. हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत ब्रोशर. वर एका बाईचा फोटो. तिने एक ससा काखेत धरून उचललाय आणि त्याचे मागचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत.

"सर, हा फोटो खरा आहे का?"

म्हटलं, खरा असू शकतो. एवढे मोठे ससे असतात.

"मग धंदा पण खरा असेल ना?"

स्कीम अशी होती. तीन लाख भरायचे. कंपनी पिंजरे देणार, 'जायंट' जातीचे ससे देणार आणि होणारी सगळी पिल्लं तीच परत विकत घेणार. त्याच्याकडे तीन लाख नव्हते. बायकोचे दागिने गहाण ठेवून कर्ज काढायचं ठरलं होतं, सोमवारी बँकेत जायचं होतं आणि आमचं वर्कशॉप होतं शनिवारी.

त्या दिवशी त्याच्याशी जे बोललो, तेच आज तुमच्याशी बोलतोय, कारण मोठ्या सशांबद्दल तुमच्यापैकी बरेच जण विचारता. कोणी पाळायला, कोणी विकायला.

आधी ससा समजून घेऊ. फ्लेमिश जायंट ही जात बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली, घेंट शहराच्या आजूबाजूची. १९ व्या शतकाच्या शेवटी ती इंग्लंड-अमेरिकेत पोचली. अमेरिकेत या एका जातीच्या ब्रीडर लोकांची राष्ट्रीय संघटना १९१५ पासून आहे. तिथल्या नियमाप्रमाणे पूर्ण वाढलेला नर किमान १३ पौंड आणि मादी किमान १४ पौंड भरावी लागते, म्हणजे साधारण सहा किलो. वरची मर्यादाच नाही! इंग्लंडच्या वूस्टरशायरमधला डॅरियस नावाचा ससा २०१० मध्ये मोजला तेव्हा १२९ सेंटिमीटर लांब भरला आणि गिनेस बुकात गेला. (२०२१ मध्ये तो बागेतून चोरीला गेला. मोठ्या सशाला चोरही मोठे भेटतात.)

तर फोटो खोटा नाही. आता गणिताकडे येऊ. त्यासाठी तुम्हाला जर्मनीत नेतो.

एबर्सवाल्डचे आजोबा

बर्लिनच्या ईशान्येला एबर्सवाल्ड नावाचं गाव आहे. तिथे कार्ल झ्मोलिन्स्की नावाचे एक निवृत्त गृहस्थ जर्मन ग्रे जायंट जातीचे ससे पाळायचे. त्यांचा रॉबर्ट नावाचा ससा साडेदहा किलोचा होता. त्याचे फोटो पेपरात आले आणि थेट उत्तर कोरियाच्या बर्लिनमधल्या वकिलातीकडून विचारणा आली. त्या देशात अन्नाचा तुटवडा. त्यांना वाटलं, असे ससे नेऊन फार्म काढला तर लोकांना मटण मिळेल.

२००६ मध्ये सौदा झाला. १२ ससे. एरवी एका सशाला २०० ते २५० युरो घेणाऱ्या झ्मोलिन्स्कींनी ८० युरोत दिले, कारण काम भुकेल्या लोकांसाठी होतं. एक मादी वर्षाला ६० पिल्लं देऊ शकते असं त्यांनी सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः तिकडे जाऊन फार्म उभा करायला मदत करायची असंही ठरलं.

आता इथे थांबा आणि कागद घ्या. समजा त्या बारांमध्ये ८ माद्या आहेत. आठ साठा चारशे ऐंशी. एका वर्षात ४८० ससे, प्रत्येक सात किलोचा! ब्रोशरमध्ये हेच गणित असतं आणि ते इथेच थांबतं.

आपण पुढे जाऊ. सात किलोच्या सशाला रोज साधारण पाव किलो कोरडं खाद्य लागतं, गवत आणि दाणा मिळून. ४८० ससे गुणिले पाव किलो म्हणजे रोज १२० किलो. महिन्याला साडेतीन टनांच्या वर. शिवाय पाणी, सफाई, जागा. ज्या देशात माणसांना धान्य पुरत नाही तिथे हे कोण पुरवणार? ससा हवेतून मटण तयार करत नाही. आधी त्याच्या तोंडात घालावं लागतं, मग त्यातलं थोडं परत मिळतं.

झ्मोलिन्स्कींना हे पक्कं माहीत होतं. एवढी प्रसिद्धी, जगभरचे पत्रकार दारात, आणि या गृहस्थांनी सांगितलं की मी उत्पादन वाढवणार नाही, यापुढे असली ऑर्डर घेणार नाही, यांना खाऊ घालायला फार खर्च येतो. मला हा माणूस भारी आवडतो. ऑर्डर आली की आपण आधी 'हो' म्हणतो आणि मग कॅल्क्युलेटर शोधतो. यांचा हिशेब तयार होता.

पुढे काय झालं? २००७ च्या एप्रिलमधला त्यांचा दौरा ऐनवेळी तिकडूनच रद्द झाला. आपले ससे फार्ममध्ये न जाता एखाद्या मोठ्या मेजवानीच्या ताटात गेले असावेत, असा झ्मोलिन्स्कींना संशय आला. संशयच तो. पण ती पाहुणेमंडळी त्यांना परत ऑर्डर द्यायला आली असती तरी उत्तर ठरलेलं होतं.

मोठा ससा म्हणजे जास्त मटण?

हा प्रश्न जळगावच्या त्या भावाने विचारला आणि बरोबर विचारला. उत्तर आहे, नाही. जगभर मटणासाठी ससे पाळणारे बहुतेक लोक न्यूझीलंड व्हाइट, कॅलिफोर्नियन अशा मध्यम जाती वापरतात. न्यूझीलंड व्हाइटचं पिल्लू आठ-दहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास येतं आणि विकलं जातं. जायंट जातीचं शरीर आधी हाडं वाढवतं. पूर्ण आकाराला यायला वर्ष-सव्वा वर्ष घेतं. तेवढे महिने तो नुसता खातो. वजनाच्या मानाने हाडही जास्त. म्हणून जायंट ससे मुख्यतः प्रदर्शनासाठी आणि घरात लाडाने पाळायला ठेवले जातात.

मग उरतं मार्केट पाळीव प्राण्याचं. तर विकण्याआधी तो पाळायला काय लागतं ते तुम्हाला स्वतःला माहीत हवं. तुमचा कस्टमर पहिल्या आठवड्यात तुम्हालाच फोन करणार आहे.

जागा. दुकानात मिळणारा तारेचा पिंजरा विसरा. एवढ्या वजनाचा ससा तारेच्या जाळीवर बसला की तळपायाला जखमा होतात, त्या चिघळतात. त्याला सपाट, मऊ, कोरडी जमीन हवी आणि लांब उड्या मारायला जागा हवी. व्यवहारात सांगायचं तर घरातली एक छोटी खोली किंवा कुंपण घातलेला कोपरा, आणि रोज काही तास मोकळं सोडणं. मोकळा सोडला की तो वायरी कुरतडणार. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडणं हा त्याचा हट्ट नाही, गरज आहे.

खाणं. कार्टूनमधला गाजर खाणारा ससा डोक्यातून काढा. गाजर गोड, ते चाखण्यापुरतं. मुख्य जेवण म्हणजे वाळलेलं गवत, चोवीस तास समोर, वाटेल तेवढं. गवत कमी आणि दाणा जास्त झाला की दात आणि पोट दोन्ही बिघडतात. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज भरपूर दिला तर त्यातलं कॅल्शियम त्रास देतं. सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत तर "बघू उद्या" म्हणायचं नाही. त्याचं आतडं थांबलेलं असू शकतं आणि उद्यापर्यंत वेळ नसतो.

डॉक्टर. तालुक्याच्या ठिकाणी गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर मिळतील, सशाचा अनुभव असलेला मिळेलच असं नाही. हे साधं वाटतं, पण कुत्र्या-मांजराला सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे सशाला दिलं तर तो दगावू शकतो. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन केलं नाही तर वय वाढल्यावर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, आणि ते ऑपरेशन कोणालाही जमत नाही.

आणि उचलणं. ब्रोशरवरच्या बाईने धरलाय तसा ससा धरायचा नसतो! मागचा भाग हातावर तोललाच पाहिजे. लोंबकळत ठेवला आणि त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा मणका मोडू शकतो. ज्यांनी तो फोटो छापला त्यांना ससा किती कळत होता, ते यावरून ओळखा.

मे महिना

आता सगळ्यात मोठा खर्च, जो कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. शरीर जेवढं मोठं तेवढं ते थंड व्हायला अवघड. ही जात थंड युरोपातली. ३० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि जळगाव, अकोला, चंद्रपूरचा मे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या देशात व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींवर काम करणारं सरकारी संशोधन केंद्र कुठे आहे? कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, थंड हवेच्या डोंगरात. उगाच नाही.

शिवाय उन्हाळ्यात नराची प्रजननक्षमता घसरते. म्हणजे कूलरचं बिल सर्वात जास्त त्या महिन्यांत, आणि पिल्लं सर्वात कमी. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने सारखा.

पिल्लं कंपनी परत घेणार हे खरं, पण ती पुढे कोणाला विकणार, हे त्या भावाला विचारलं. तो म्हणाला, नवीन मेंबरना. मी काही बोललो नाही. इमूचं काय झालं ते त्याच्या गावात त्याने पाहिलं होतं, त्यालाच आठवलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. पाळीव ससा ठेवायला बंदी नाही, पण आपला रानससा हा वन्यजीव आहे, तो पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. आणि पाळीव प्राण्यांचं दुकान टाकायचं असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

मग मी त्याला एकच काम दिलं. सोमवारी बँकेत जाऊ नको. एक ससा घे. जोडी नाही, एकच, कारण जोडी घेतलीस तर ३१ दिवसांत तुझं संशोधन संपेल आणि संसार सुरू होईल. तो ससा पुढच्या जूनपर्यंत घरात सांभाळ आणि रोजचा खर्च वहीत लिही. हिशेबनीस माणूस, त्याला वही आवडली.

नोव्हेंबरमध्ये त्याने पुण्याहून 'जायंट' म्हणून एक पिल्लू आणलं. आठ किलोचं होईल असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते चार किलोच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. मोठ्या जातीचा थोडाफार अंश असेल, एवढंच. म्हणजे विकत घेतानाच शुद्ध जात कशी ओळखायची हे त्याला कळत नव्हतं, आणि हाच माणूस सोमवारी तशा सशांसाठी दागिने ठेवायला निघाला होता.

जूनमध्ये त्याने वहीचे फोटो पाठवले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पानं स्वच्छ: गवत, दाणा, एक चार्जरची वायर. मार्चपासून पानं भरत जातात. कूलर. ओल्या गोणपाटाचे पडदे. बर्फाच्या बाटल्यांसाठी शेजारच्या घरातला फ्रीज, त्याबदल्यात त्यांच्या मुलाची शिकवणी. दोनदा गाडी करून डॉक्टर, एकदा रात्री. दुपारी घरी येऊन ससा बघायला मिलमधून घेतलेल्या अर्ध्या रजा, त्यांचे पैसेही त्याने लिहिलेत. हा रकाना पाहून मला खरंच बरं वाटलं, कारण आपल्या वेळेची किंमत फार थोडे लोक लिहितात.

जमेच्या बाजूला एक ओळ होती. मार्चमध्ये ओळखीच्या एका कुटुंबाने लग्नाला जाताना त्यांचा ससा पाच दिवस त्याच्याकडे ठेवला होता आणि पैसे दिले होते. त्यांना गावात दुसरं कोणी सापडलं नव्हतं. त्यानंतर अजून दोघांनी विचारलंय, पण घरात तेवढी थंड जागा नाही, म्हणून सध्या तो फक्त हिवाळ्यात घेतो.

दागिने घरीच आहेत. ससाही घरीच आहे. मुलीने त्याचं नाव 'मॅनेजर' ठेवलंय, कारण तो दिवसभर पंख्याखाली पसरलेला असतो आणि सगळे त्याच्या दिमतीला.