वहीत नसलेली आमटी

मध्यमवर्गीय मराठी घरातली पाककृतींची जुनी वही हाती लागली तर जरूर चाळावी. पानं तेलकट, कडा पिवळ्या, मध्येच वर्तमानपत्राचं एखादं कात्रण डकवलेलं. सुरुवातीलाच नानकटाई असते. मग अननसाचा शिरा, बिनअंड्याचा केक, चकलीची भाजणी, खारी शंकरपाळी, टोमॅटो सॉस, आवळ्याचं सरबत आणि 'पंजाबी' या मथळ्याखाली उतरवलेली एखादी भाजी. प्रत्येक कृतीखाली देणारीचं नाव असतं : ठाण्याची मावशी, वरच्या मजल्यावरच्या वहिनी, शाळेतल्या बाई. या वहीत शोधूनही सापडत नाही ती रोजची आमटी. वरण नसतं, पिठलं नसतं, भाकरी कशी थापायची हे तर नसतंच.

कारण उघड आहे. रोज होतं ते लिहून कशाला ठेवायचं? पण त्यामुळे आपल्या खाण्याची नोंद मोठी एकांगी झाली. वर्षातून एकदा होणारं कागदावर आलं आणि ज्यावर पिढ्या पोसल्या ते तोंडीच राहिलं. आता मुलगा शिकायला परदेशी जातो आणि तिथून फोन करून विचारतो, तो अनारशांबद्दल नाही. तो विचारतो, आमटीला फोडणी आधी घालायची की नंतर.

छापील पुस्तकांचा इतिहासही या वहीपेक्षा फारसा निराळा नाही. सतराव्या शतकात, तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथ नवहस्तांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं, पण ते संस्कृतात. ते वाचून कुणी फोडणी घातली असेल असं वाटत नाही. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून आलं. म्हणजे मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकाचा लेखक पुरुष. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं आणि पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातले, इतरांना ऐकूनही माहीत नसलेले पदार्थ छापात उतरले. याच सुमारास मासिकांचं राज्य सुरू झालं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, १९३० मध्ये किर्लोस्करांचं 'स्त्री' निघालं, आणि दिवाळीच्या अंकात फराळाची पानं असणं हळूहळू इतकं सवयीचं झालं की ती नसली तर वाचक विचारू लागले.

या सगळ्यात कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची गोष्ट वेगळी आहे. पुस्तक आलं १९७० मध्ये. त्याचं यश लोक चवीला देतात. मला ते मापाला द्यावंसं वाटतं. त्याआधीच्या बायका धान्य मोजत ते निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली या चढत्या, दुपटीच्या मापांनी. चार शेरांची पायली हे गणित शाळेत न गेलेल्या बाईलाही पाठ असे. १९५६ च्या कायद्यानंतर साठच्या दशकात बाजार किलो-ग्रॅमवर गेला. जुनी मापं अडगळीत पडली आणि घरोघर तराजू तर नव्हताच. त्या पोकळीत कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ठेवला. मोठं कुटुंब सोडून दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलेल्या, सासू-आई हाताशी नसलेल्या मुलीला हे माप कळत होतं. स्वतः कमलाबाईंचं शालेय शिक्षण चौथीपर्यंतचं. कदाचित म्हणूनच वाचणारीला काय माहीत नसेल हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांच्या जोडीला मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा' आणि जयश्री देशपांडे यांची 'हमखास पाकसिद्धी' ही पुस्तकंही लग्नाच्या रुखवतात मानाने बसली. याच काळात प्रेशर कुकर घरात आला आणि वेळेचंही नवं माप मिळालं : शिट्टी. 'मऊ होईपर्यंत शिजवणे' जाऊन 'तीन शिट्ट्या' आल्या.

तरी वाटीत एक गोम आहेच. आमच्याकडची आमटीची वाटी आणि तुमच्याकडची वाटी यांत निम्म्याचा फरक पडू शकतो. एकाच पदार्थात सगळं एकाच वाटीने मोजलं तर काही बिघडत नाही, प्रमाण राखलं जातं. पण अमेरिकेतल्या मराठी घरात पीठ तिथल्या २४० मिलीच्या कपाने आणि गूळ आईने सोबत दिलेल्या स्टीलच्या वाटीने मोजला, की हिशेब कोसळतो. दर दिवाळीला कुणाची तरी चकली तेलात विरते, त्यातल्या निम्म्यांचं मूळ इथे असावं. उरलेल्यांचं मोहनात.

वहीतल्या पहिल्या मानकरिणीकडे, नानकटाईकडे वळू. घरात ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि तूप घेऊन बायका बेकरीच्या दारात रांग लावत. काही घरून पीठ मळूनच आणत, काही तिथेच पत्र्याच्या ट्रेसमोर बसून गोळे वळत. ट्रेवर नावाची चिठ्ठी. पहाटेचे पाव निघाले की भट्टी जराशी निवते आणि नानकटाईला तेवढीच आच लागते, म्हणून तिचा नंबर पावानंतर. बेकरीवाला बहुधा इराणी किंवा मुसलमान, गिऱ्हाइकं हिंदू. ईदला त्याच ट्रेवर दुसऱ्या घरांची नानकटाई, नाताळला तिसऱ्या. कृतींची खरी देवघेव त्या रांगेत होत असे. तूप-साखर किती वेळ फेसलीत? बेसन किती? शेजारच्या ट्रेमधली पसरून एकमेकींना चिकटली, ती तूप जास्त झाल्याने, हे सगळ्यांसमोरच दिसायचं. जास्त मळली ती दगड झाली, हेही. घरोघरी छोटे ओव्हन आले आणि रांग मोडली. नानकटाई आता सोयीने होते हे मान्यच, पण दुसरीची बिघडलेली नानकटाई पाहून शिकण्याची सोय गेली.

बिघडलेलं पाहणं महत्त्वाचं का, ते अनारशात कळतं. वहीत अनारशाची कृती चार ओळींत संपते : तांदूळ तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, निथळून दमट असताना कुटणे, गूळ घालून गोळा मुरत ठेवणे. पुढे खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात. या चार ओळींवर विसंबून पहिल्यांदा अनारसे करणारीला यश आलं तर ते नशीब. कारण खरी कृती इथून पुढे आहे. तुपात पडताच अनारसा फुटून जाळी-जाळी होत पसरला, तर तो 'हसला'. म्हणजे गूळ किंवा ओल जास्त झाली. पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळावी लागते. उलट गोळा कोरडा पडून थापताना चिरत असेल, तर पिकल्या केळ्याचा इवलासा तुकडा मळून घ्यायचा. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. काढल्यावर तूप निथळायला उभे करून ठेवायचे. यातलं निम्मं वहीत नसतं. ते चुलीशी उभ्या असलेल्या बाईने त्या क्षणी सांगायचं असतं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, तेव्हा घरातली सगळ्यात म्हातारी बाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची ती उगाच नव्हे.

दिलेली कृती बिघडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नाही. देणारी एखादा जिन्नस हातचा राखते. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांनी हे निदान उघडपणे केलं. त्यांचा बॉटल मसाला पावसाळ्यापूर्वी उन्हात वाळवून कुटला जातो, बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो, म्हणून त्याचं हे नाव. वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त जिन्नस, आणि प्रमाण प्रत्येक घराचं आपापलं. ते मागायचं नसतं. मसाला मात्र बाटलीभर भेट मिळतो. मला हा व्यवहार अर्धवट कृती लिहून देण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

गोव्यात पदार्थच घरं ओलांडतो, कृती मागून येते. चवथीला हिंदू घरातून ख्रिस्ती शेजाऱ्याकडे नेवऱ्या जातात, नाताळला तिकडून कुसवाराचं ताट येतं. त्यातही नेवऱ्या असतातच, शिवाय दोदोल आणि बिबिंक. नारळाचा रस, अंडी, साखर आणि तूप यांचा बिबिंक थरावर थर असा भाजला जातो. वरून निखाऱ्यांची आच द्यायची, एक थर खरपूस झाला की त्यावर पुढचा ओतायचा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. इतका वेळ चुलीपाशी बसायचं, तर ते काम एकटीने होत नाही, आणि जिथे दोघी-तिघी बसतात तिथे शिकवणं आपसूक होतं.

रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंनी तर कृती धर्माच्या कसोटीवर घासूनच नेल्या. मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांचा हलवा गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधातला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होतो. कोकणातल्या नारळाने ज्यू धर्मनियमाची अडचण सोडवली, ही माहिती कुठल्याही 'अस्सल महाराष्ट्रीय' पाकपुस्तकाच्या प्रस्तावनेत असायला हवी. मी तरी वाचलेली नाही.

या प्रस्तावनांबद्दल एकूणच बोलायला हवं. छापील पुस्तकांतलं 'महाराष्ट्रीय' जेवण बरंचसं पुण्या-मुंबईच्या एका थराचं होतं : गोडा मसाला, चिंच-गूळ, वर ओलं खोबरं. खानदेशातल्या हिवाळी भरिताला त्यात जागा मिळाली तरी वांगं 'गॅसवर भाजून घ्यावे' अशी. जळगावकडे ते हिरवट, लांबोडकं वांगं कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडजीत हिरव्या मिरचीसकट ठेचतात. शेतात पन्नास माणसं जेवायला असतात, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी असते, आणि माप वाटीचं नसून पाटीचं असतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पऱ्हाटीच्या धुराला ते कसं मिळणार!

मराठवाड्यातला येसर असाच. भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून ठेवलेलं हे पीठ. पाण्यात कालवून उकळलं की पंगतीला पुरेल अशी आमटी तयार. 'इन्स्टंट' हा प्रकार बाजारात येण्याआधीपासून तो मडक्यात होता. आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकन मिलो ज्वारीची भाकरी, रोजगाराच्या कामांवर वाटलेली सुकडी, यांच्या कृती तर कुणी कुणाला हौसेने दिल्याच नसतील. पण मिलोची भाकरी मोडू नये म्हणून काय करायचं, हे त्या वर्षी बायकांनी एकमेकींना सांगितलंच असणार. वहीत ते कुठे असेल?

वहीच नसलेल्या घरांचं काय, हा प्रश्न शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून सरळ समोर ठेवला. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, मांसाचे कोणते भाग कसे वापरले जात, उन्हात वाळवलेल्या चान्या वर्षभर कशा पुरवल्या जात, हे त्यात कृतींसह आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मराठीत ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनीही त्याची चर्चा केली. त्याआधी २००९ मध्ये शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुणे विद्यापीठात दलित घरांच्या खाण्याच्या आठवणी गोळा केल्या होत्या. ही पुस्तकं वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच कृतींना तूप लागत नाही, साखर लागत नाही आणि तेलही बेतानेच लागतं. आपल्या वह्या मात्र तुपाने सुरू होतात.

आता कृती पडद्यावर आल्या. टीव्हीवर 'आम्ही सारे खवय्ये' आलं, मग यूट्यूब आलं आणि मधुरा बाचल यांच्यासारख्यांनी साधी पोळी, साधं वरणही कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. वह्यांनी जे गाळलं ते इथे मिळतं, हे कबूल करायला हवं. बिघाड मात्र इथेही कापून टाकला जातो. पडद्यावरचा अनारसा कधी हसत नाही. घरातल्या घरात हे काम अजून होऊ शकतं. आजी मुठीने पीठ घेते तेव्हा तिची मूठ वजनकाट्यावर रिकामी करून घ्यावी. वाटी पाण्याने भरून किती मिलीची ते लिहावं. मुख्य म्हणजे 'आणि बिघडलं तर?' असं विचारावं. त्याचं उत्तर कृतीपेक्षा लांब असतं.

कोकणातल्या रोजच्या जेवणातली कुळथाची पिठी मला अशाच एका उत्तरासकट मिळाली, ती इथे देतो. वाटी १५० मिलीची. दीड वाटी गार पाण्यात तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ आधी नीट कालवून घ्यावं. पीठ थेट गरम पाण्यात पडलं की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. थोड्या तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि हिंग परतून त्यात आणखी दीड वाटी पाणी, दोन-तीन आमसुलं आणि मीठ. उकळी फुटली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. कच्चा वास जाईपर्यंत, साधारण सात-आठ मिनिटं, मंद आचेवर ठेवावं. वरून चमचाभर ओलं खोबरं, कोथिंबीर. आंबट झाली तर आमसुलं काढून घ्यावीत, गूळ घालू नये. भात आधी तयार ठेवावा, कारण पिठी थांबली की घट्ट होते. झालीच, तर त्यात गार पाणी न घालता उकळतं पाणी घालावं आणि पुन्हा एक कढ आणावा.