अस्थिशस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव : जाणीव आणि दक्षता

खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध व्यक्ती शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन गावी परतते. सोबतच्या चिठ्ठीत 'रक्त पातळ करणारे' औषध बहुधा असतेच. जखम भरून येण्यापूर्वी असे औषध कशासाठी, असा प्रश्न घरच्या मंडळींना पडतो आणि काही जण ते परस्पर बंदही करतात.

वस्तुतः या औषधाने रक्त पातळ होत नाही. त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. खुबा किंवा गुडघा यांवरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी होऊन पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून हेपारिन गटातील इंजेक्शने, वॉरफरिन, रिव्हारोक्झाबान, ॲस्पिरिन यांपैकी योग्य ते औषध ठरावीक मुदतीपर्यंत देतात. खुब्याच्या सांधेरोपणानंतर ही मुदत ३५ दिवसांपर्यंत असू शकते.

या औषधांची दुसरी बाजू वॉरफरिनच्या इतिहासातून स्पष्ट होते. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत 'स्वीट क्लोव्हर' या वनस्पतीचा बुरसटलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. त्यातील द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यावरील संशोधनातून निघालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ मध्ये माणसांवरील उपचारासाठी वापरात आले. अर्थात, तारणे किंवा मारणे हे मात्रेवर अवलंबून असते.

वृद्ध, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि पूर्वी जठरात व्रण झालेले रुग्ण यांना रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तो आणखी वाढतो. जखमेची पट्टी वारंवार भिजणे, जखमेभोवती सूज वाढत जाणे, घोळणा फुटणे, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाणे, डांबरासारखे काळे शौचास होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागल्यास लक्षणांची वाट पाहू नये.

जाताना औषधाची चिठ्ठी आणि शेवटची मात्रा घेतल्याची वेळ सोबत असावी. कारण उतारा औषधागणिक वेगळा असतो. वॉरफरिनसाठी 'के' जीवनसत्त्व, तर हेपारिनसाठी प्रोटामिन वापरतात.

गावातील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडे अशी चिठ्ठी वाचून घेण्यासाठी लोक विश्वासाने येतात. औषधाचे नाव, मात्रा आणि बंद करण्याची तारीख त्यांनी समजावून सांगावी. औषध भीतीपोटी सोडणे आणि मुदतीनंतरही घेत राहणे, दोन्ही सारखेच घातक होत. ते केव्हा थांबवावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.