घामाचे दोन भाव

खाजगी आरोग्यविम्याची पॉलिसी घेतली की जिमच्या वर्गणीत सूट मिळते, ही गोष्ट वरवर पाहता फार किरकोळ आहे. कापडाच्या दुकानात खरेदीवर पिशवी फुकट मिळते, तसलाच हा प्रकार असे कोणीही म्हणेल. चळवळीतल्या माणसांनी त्यावर डोके शिणवावे असे त्यात काय आहे, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला विचारले. हा लेख त्याचे उत्तर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ही सवलत आरोग्य वाढवण्यासाठी दिली जाते असे सांगतात, परंतु तिचे खरे काम माणसे निवडण्याचे आहे; आणि ज्या कसोटीवर ही निवड होते ती कसोटी आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

१

प्रथम विमा म्हणजे काय ते पाहू. समजा, शंभर माणसे आहेत. त्यांतील पाच जण वर्षभरात आजारी पडून दवाखान्यात दाखल होणार आणि प्रत्येकाला एक लाख रुपये खर्च येणार. ते पाच कोण, हे आधी कोणालाच ठाऊक नाही. शंभर जणांनी प्रत्येकी पाच हजार रुपये काढले की पाचांचाही खर्च भागतो. वस्तीत मयत झाली की घरटी वर्गणी निघते. विम्याचे मूळ ह्याच रीतीत आहे. एकाचे ओझे सर्वांनी उचलायचे.

आता एखाद्या कंपनीने ह्या शंभरांतून पन्नास धडधाकट माणसे वेगळी काढली असे समजा. त्यांच्यात एकच जण आजारी पडेल. म्हणजे त्यांचा हप्ता दोन हजारांवर येईल आणि कंपनी स्वस्त विमा देते म्हणून तिचा गवगवा होईल. उरलेल्या पन्नासांत मात्र चार आजारी निघतील. त्यांना प्रत्येकी आठ हजार भरावे लागतील. एकूण खर्च पूर्वी पाच लाख होता, आताही पाच लाखच आहे. एक रुपयाचाही आजार कमी झालेला नाही. फक्त ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, आणि तेही जो खांदा आधीच दुखावलेला आहे त्याच्यावर. ज्यांना आठ हजार परवडत नाहीत ते विम्याबाहेर पडतात. त्यांचा आजार मग सावकाराच्या वहीत जमा होतो.

खाजगी विम्याचा नफा बराचसा ह्या निवडीवर अवलंबून असतो. वय विचारा, जुना आजार विचारा, तपासण्या करा, ही निवडीची उघड रीत. पण काही देशांत कायद्याने ह्या रीतीला बंदी घातली. तेथे दुसरी रीत शोधावी लागली.

२

अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी १९६५ पासून मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिच्यातील काही भाग खाजगी कंपन्या चालवतात आणि सरकार त्यांना माणशी पैसे देते. आजारी म्हातारा आला तर त्याला नाकारता येत नाही, त्याच्याकडून जादा हप्ताही घेता येत नाही. ह्या योजनांनी जिमचे सभासदत्व देऊ केले. कूपर आणि त्रिवेदी ह्या संशोधकांचा ह्याविषयीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या योजनांनी जिमची सोय नव्याने सुरू केली, त्यांच्याकडे नंतर येणाऱ्यांत आपली प्रकृती उत्तम आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि चालायला त्रास होतो असे सांगणाऱ्यांचे घटले. ज्याचे गुडघे धरलेले आहेत तो म्हातारा जिमची जाहिरात पाहून कंपनीकडे येत नाही. दाराशी ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावली तर कायदा आडवा येतो. म्हणून पाटी न लावता दारच असे बांधायचे की हवा तेवढाच माणूस आत शिरेल.

मग निदान जिमला जाऊन प्रकृती तरी सुधारते की नाही? तेथील इलिनॉय विद्यापीठात २०१६ पासून सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर ह्याचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना आरोग्य-कार्यक्रमात घेतले, काहींना बाहेर ठेवले. दोन्ही गटांच्या औषधपाण्याच्या खर्चात फरक दिसला नाही. जिममध्ये जाण्याचे प्रमाणही वाढले नाही. ज्यांना संधी देऊ केली त्यांतून कार्यक्रमात कोण सामील झाले? ज्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता, ते. म्हणजे कार्यक्रमाने माणसे निरोगी केली नाहीत, निरोगी माणसे हुडकून काढली.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. जिमच्या सवलतीला गुण आणि बक्षिसे जोडण्याची जी पद्धत आज जगभर पसरली आहे, तिचा मोठा नमुना तेथेच १९९७ साली ‘व्हायटॅलिटी’ ह्या नावाने सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षी त्या देशाने कायदा केला की आरोग्य-योजनेने प्रकृती पाहून वर्गणी ठरवू नये. व्हायटॅलिटी मात्र वेगळी वर्गणी घेणारी संस्था म्हणून योजनेच्या शेजारी चालतच राहिली. वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली. पण आजही तेथे खाजगी आरोग्य-योजनेचे छत्र साधारण सहांतून एका माणसावर आहे. गोऱ्यांत दहांपैकी सुमारे सात जणांवर आणि काळ्यांत दहांपैकी जेमतेम एकावर. बाकीचे सरकारी दवाखान्याच्या रांगेत. जिमची सवलत कोणत्या रांगेसाठी आहे हे सांगण्याची गरज नाही.

३

आपल्याकडे वय आणि जुना आजार विचारायला विमा कंपनीला मोकळीक आहेच. त्यावर ही नवी चाळण आली. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये ह्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कंपन्यांना जिम, योगकेंद्र, क्रीडा-क्लब ह्यांच्या सभासदत्वासाठी कुपने देता येतात. विमेदाराने आरोग्याचे नियम पाळले तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट देता येते किंवा विम्याची रक्कम वाढवता येते.

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मध्यंतरी एका कंपनीचा प्रतिनिधी माहितीपत्रके वाटून गेला. त्यातील योजना मी बारकाईने वाचली. दिवसाला दहा हजार पावले चालावे किंवा जिममध्ये अर्धा तास घालवावा. पावले मोबाईल मोजतो, जिमची हजेरी जिमचे यंत्र मोजते. महिन्यात ठरावीक दिवस भरले की गुण जमा होतात आणि गुणांचे पैसे होतात. म्हणजे गुण मिळवायला काय काय लागते? चांगला मोबाईल लागतो. कंपनीच्या यादीतले जिम जवळपास लागते, आणि असली जिम तालुक्याच्या गावीही विरळाच. सवलत कापूनही उरणारी वर्गणी भरण्याइतका पगार लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाच्या तासांनंतर शरीरात थोडी शक्ती शिल्लक लागते.

पहाटे पाचला झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार बाई दहा हजारांहून अधिक पावले चालत असेल. तिचे पाऊल कोणी मोजत नाही. माझे वडील मोंढ्यावर हमाली करीत. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन ट्रकवरून गोदामात, दिवसभर. जिममधला तरुण एवढे वजन उचलतो तेव्हा त्याला व्यायाम म्हणतात आणि त्याचे गुण जमा होतात. वडिलांनी तेच वजन उचलले तेव्हा त्याला हमाली म्हटले गेले. पन्नाशीतच त्यांची कंबर गेली. आज त्यांच्यासाठी पॉलिसी मागायला गेलो तर ती कंबर ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून अर्जात लिहावी लागेल. एकाच घामाचे असे दोन भाव आहेत.

येथे एक आक्षेप येईल की, श्रम आणि व्यायाम ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फुरसतीच्या वेळी हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी आढळला. कामावर जड मेहनत करणाऱ्यांत मात्र तो जास्त आढळला. ह्याचे कारण समजायला अवघड नाही. व्यायाम करणारा थकला की थांबतो, पाणी पितो, झोपतो. हमाल थकला म्हणून ट्रक थांबत नाही. हेच वैद्यकाचे म्हणणे असेल तर त्यातून निघणारा अर्थ सरळ आहे. शरीर राखते ती फुरसत, आणि शरीर मोडते ते विश्रांतीविना श्रम. मग विमा कंपनी बक्षीस कशाला देते? ज्याला फुरसत आहे त्याला. आणि दंड कोणाला करते? ज्याची फुरसत दुसऱ्यांनी वापरली त्याला.

४

आपल्या देशात फुरसत आणि श्रम ह्यांची वाटणी जातीने केलेली आहे, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. तिचा हिशेब आयुष्याच्या वर्षांतही मांडता येतो. नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांच्या पाहणीवरून व्यास, हाठी आणि गुप्ता ह्यांनी २०२२ साली दाखवून दिले की, उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत अनुसूचित जातींचे सरासरी आयुष्य तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक. केवळ गरिबीने ह्यातील निम्मेही अंतर समजावून सांगता येत नाही. बाकीचे अंतर भेदभावाच्या खात्यावर टाकावे लागते.

आता ही तीन वर्षे विम्याच्या वहीत कशी उतरतात ते पाहा. तेथे त्यांचे नाव ‘जोखीम’. समाजाने ज्याचे आयुष्य कमी केले, त्याच्याकडूनच त्या कमी आयुष्याची किंमत मागायची. अमेरिकेत हे उघडपणे घडले आहे. प्रुडेन्शियल ह्या आयुर्विमा कंपनीने १८८१ साली काळ्या विमेदारांची भरपाई एक तृतीयांशाने कमी केली. हप्ता तोच ठेवला. पुढे १८९६ साली तिच्याच फ्रेडरिक हॉफमन ह्या संख्याशास्त्रज्ञाने जाडजूड पुस्तक लिहून काळ्यांचा मृत्युदर हा त्यांच्या वंशाचाच दोष ठरवला. गुलामी, कोंदट वस्त्या, उपासमार ह्यांना त्याने हिशेबात घेतले नाही. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांनी ह्या पुस्तकाचा लगोलग समाचार घेतला.

आजची कंपनी वंश विचारत नाही, जात विचारत नाही. ती ‘निरोगी सवयी’ विचारते. आपल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी ‘गुणवत्ता’ विचारतात, त्याचीच ही बहीण. तीन पिढ्यांच्या शिकलेल्या घरातून आलेल्या मुलाचे टक्के त्याच्या एकट्याच्या कष्टाचे मानायचे, आणि दोन वेळच्या पोटभर अन्नावर पोसलेल्या शरीराचे गुण त्या एकट्याच्या शिस्तीचे मानायचे. वारसा लपवायचा आणि त्याला पराक्रम म्हणायचे. जिमची सवलत म्हणजे शरीराची गुणवत्ता यादी आहे.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. विदर्भात आदिवासींप्रमाणेच बौद्ध वस्त्यांतही तो आढळतो. अतिश्रम झाले, शरीरातले पाणी कमी झाले की रोग्याला असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा मुलीने जिमचे गुण कसे मिळवायचे? २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा अपंगत्वाच्या यादीत समावेश केला. पण गुणांचे यंत्र कायदा वाचत नाही. अमेरिकेत १९७० च्या सुमारास काही विमा कंपन्यांनी, ज्यांना आजार नाही, जे केवळ वाहक आहेत, अशा काळ्या लोकांनाही जादा हप्ता लावला होता. त्याच सुमारास, १९७१ पासून, ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली आणि १९७२ साली सुधारलेल्या दहा-कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतले. दवाखान्याचे कलमही घ्यायला हवे होते.

५

मग पर्याय काय? तो आपल्याच घरात आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात विमा हा शासनाचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे बंधनकारक असावे, असे मांडले. ‘प्रत्येक’ आणि ‘मजुरीच्या प्रमाणात’ ह्या दोन शब्दांत सारे आले. सर्वजण आत असतील तर निवडीला जागा राहत नाही. वर्गणी ऐपतीवर ठरली तर शरीराची झडती घ्यावी लागत नाही.

हे केवळ स्वप्न नव्हते. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी प्रा. अदारकर ह्यांचा अहवाल सादर झाला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. ह्या योजनेत वर्गणी पगाराच्या टक्क्यांत कापतात. २०१९ साली ती कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के ठरली. वय विचारून दर बदलत नाही, जुना आजार विचारून कोणाला परत पाठवत नाही, आणि पावले मोजत नाही. वर्गणी ऐपतीप्रमाणे, इलाज गरजेप्रमाणे. तिच्या दवाखान्यांची दुरवस्था मला ठाऊक आहे. ठेकेदार कामगाराचे नावच नोंदवीत नाही हेही ठाऊक आहे. ती दुरवस्था दूर करण्यासाठी भांडावे लागेल. परंतु तत्त्व आपले आहे.

व्यायामाला माझा विरोध नाही. वस्तीतल्या पोरांनी तालीम करावी, मुलींनी मैदानावर धावावे. त्यासाठी विमा कंपनीचे कुपन कशाला हवे? प्रत्येक वस्तीला मैदान, नळाला पाणी आणि कामाला ठरलेले तास हवेत. कार्यकर्त्यांनी आधी एक साधे काम हाती घ्यावे : आपल्या भागातील किती सफाई कामगार, हमाल, बांधकाम मजूर कामगार विम्यात नोंदवले जायला हवे होते आणि किती नोंदवले गेले, ह्याची यादी करावी. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती लिहून काढण्यास मदत करावी. ती यादी हातात असली म्हणजे ठेकेदाराला आणि सरकारला कोणता प्रश्न विचारायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.